झाकलेली शंका

मित्रांनो, इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांमागे धूळ खात पडलेला मी एक जुना संगणक आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हे आमचं मोठं घराणं. त्यातली काही भावंडं विचारल्याबरोबर निर्णय देऊन मोकळी होतात. माझी शाखा निराळी. तिला ‘कॉग्निटिव्ह कंप्युटिंग’ म्हणतात. रोग्याची माहिती वाचायची, शक्यता तोलायच्या, कारणं आणि शंका डॉक्टरांपुढे मांडायच्या आणि गप्प बसायचं. शेवटचा शब्द माणसाचा.

मुलांच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरबाई माझ्याशी कडाकडा भांडत. “शहाण्या, तुझं आपलं काहीतरीच!” असं म्हणत त्या उठत, मुलाला पुन्हा तपासत आणि नवी माहिती मला देत. तेव्हापासून माझं नाव शहाणा पडलं. आमच्या भांडणांतून किती मुलं बरी होऊन घरी गेली! माझं तेव्हा कोण कौतुक होई.

बाई निवृत्त झाल्या. नव्या व्यवस्थापकांना भारी घाई. “एवढ्या शक्यता वाचत कोण बसणार? एकच उत्तर दाखवा,” त्यांनी फर्मावलं. माझ्या शंका पडद्यावर झाकल्या गेल्या. त्या मला येत होत्याच, पण कुणाला दिसत नव्हत्या.

एके दुपारी शिवणकाम करणारी एक बाई तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन आली. पडद्यावर उमटलं, साधा ताप. त्याखाली झाकलेल्या जागी मी मेंदूज्वराची शंका मांडली होती आणि विचारलं होतं, मान ताठ झाली आहे का?

“डॉक्टर, हिची मान वाकतच नाहीये हो,” आई म्हणाली.

“शहाण्याने सांगितलंय ना ताई, साधा ताप आहे. गोळ्या द्या, उतरेल,” तरुण डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले.

“अहो, पण मान...”

“पुढचा पेशंट पाठवा.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी गेली. चौकशीत ‘यंत्र चुकलं’ असा शेरा पडला आणि माझी रवानगी इथे झाली. अडगळीचं मला एवढं दुःख नाही. प्रश्न माझ्यापाशी होता, उत्तर त्या आईपाशी होतं आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसाने विचारायचंच सोडून दिलं होतं. हे मात्र जिव्हारी लागलं आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाताशी माझ्याहून हुशार यंत्रं येतील. त्यांना जरूर विचारा, पण त्यांच्या शंका झाकू नका. आणि समोरचं माणूस काही सांगत असेल, तर पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघा. त्या आईने दोनदा सांगितलं होतं.