माझ्या कुशीवरचं खोटं नाव

मी जेरुसलेमच्या चुनखडीची एक अस्थिपेटी बोलतेय. उझी कार्मोन नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या बैठकीत, त्याच्या खुर्चीसमोरच, ठाण मांडून बसले आहे. त्याचं वाटोळं व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे. ती मी कशाला लपवू?

दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याकडे मेलेल्या माणसाला आधी गुहेत ठेवत. वर्ष सरलं की मुलगा अस्थी वेचून पेटीत भरायचा. माझ्या वाट्याला शेलामत्सियोन आली, लोकर विंचरणारी एक बाई. तिच्या मुलानं माझ्या तोंडावर खिळ्यानं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘शेलामत्सियोन, आमची इमा’. इमा म्हणजे आई. मग त्यानं मला खडकातल्या अरुंद कोनाड्यात आत रेटलं. माझी उजवी कूस भिंतीला खरडली, लांब ओरखडे उठले. बाहेर दिसत होतं फक्त तोंडावरचं नाव. तिला घेऊन मी सुखानं पडून होते.

मग कबरचोर आले आणि मी उझीच्या दुकानात पोचले. त्यानं पहिलं काय केलं, तर अस्थी कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या.

“अरे, कुणाची तरी आई आहे ती. नाव तरी वाच,” त्याची बायको तिर्झा म्हणाली.

“हाडं दिसली की धर्मवाले दारात ठिय्या देतील. आणि या नावाला बाजारात विचारतंय कोण?”

त्यानं ते नाव घासून काढलं. घासून तोंड खडबडीत झालं, म्हणून उजव्या कुशीवर ऐटबाज अक्षरांत कोरलं, ‘मिर्याम, येशूची बहीण’. जुनं दिसावं म्हणून वर खडूची पूड कालवून फासली. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरून आहे.

पुढे नुसता गदारोळ झाला. काही धर्मगुरू म्हणाले, येशूच्या आईला, मरियेला, दुसरं मूलच नव्हतं, हे थोतांड आहे. काही म्हणाले, भावंडांचा उल्लेख शास्त्रातच आहे. इथिओपियाहून आलेल्या एका म्हातारीनं माझ्या कुशीला गाल लावला आणि हमसून हमसून रडली. मला तिची फार कणव आली. बाई, तू जिच्यासाठी रडतेस ती माझ्यात कधीच नव्हती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. जी होती, तिच्यासाठी कुणीच रडलं नाही.

शेवटी तपासायला अविगाईलबाई आल्या, दगडावरच्या लेखांच्या जाणकार. भिंग लावून तासभर पाहत राहिल्या.

“उझीसाहेब, ही बाजू खडकाला चिकटलेली होती. इथलं नाव वाचणार कोण होतं, गुहेतल्या पाली?”

त्यांनी ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

“आणि हे ओरखडे कोनाड्यात रेटतानाचे. तुमचं अक्षर त्यांना कापून गेलंय. म्हणजे ओरखडा जुना, अक्षर नवं.”

उझीच्या कपाळावर घाम फुटला. तो घाम मी डोळे भरून पाहिला. माझे ओरखडे अखेर कामी आले होते.

बनावटगिरीचा खटला चालला. पण कोरलं कुणी, हे सिद्ध झालं नाही. तो सुटला आणि मी त्याचीच म्हणून त्याला परत मिळाले. आधी मी चरफडले. मग लक्षात आलं, यापेक्षा बरं काय होणार? मला कुणी विकत घेत नाही. फेकावं तर बोभाटा होतो. माझी खोटी कूस तिर्झानं मुद्दाम त्याच्या खुर्चीकडे वळवून ठेवली आहे. त्यांच्याकडे कधी गेलात, तर अक्षरांचं कौतुक करू नका. आतलं माणूस कुठे गेलं, एवढंच त्याला विचारा.

आता तो थकलाय. परवा कॉफी पिता पिता तिर्झाला म्हणाला, “माझ्या कबरीवरचं नाव जरा खोल कोरून घे.”

“कितीही खोल कोरलं तरी घासून जातं,” ती म्हणाली. “तुला ठाऊक नाही का?”

त्यानं कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. माझ्याकडे पाहत बसला. मी रिकामीच आहे, आणि मला घाई नाही.