आईच्या मापाचे प्रश्न

"शंभरातून सात वजा करा," डॉक्टर म्हणाला, "आणि जे उरेल त्यातून पुन्हा सात."

आईने मांडीवरची पिशवी सारखी केली. बाही लांब झाली म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

"कशाला वजा करायचे? असू द्यात की शंभर. कुणाचं काय बिघडलंय?"

तिच्या खुर्चीमागे उभी असलेली धाकटी लेक खुदकन हसली. दारापाशी उभा असलेला थोरला हसला नाही. डॉक्टरने कागदावर काहीतरी खूण केली.

"बरं. आज वार कोणता, आजी?"

"तुम्ही दवाखाना उघडलाय, म्हणजे रविवार नाही."

पुन्हा खूण. मग त्याने तिच्यापुढे कागद ठेवला, हातात पेन दिलं आणि घड्याळ काढायला सांगितलं. शाळेची पायरी न चढलेल्या आईने उभ्या जन्मात हातात धरले ते खडू, सुई आणि कात्री. तिने पेन उलटसुलट करून पाहिलं आणि अलगद परत टेबलावर ठेवलं.

तीसपैकी सोळा. चोवीसच्या खाली म्हणजे काळजीचं, डॉक्टर म्हणाला. पोरगेलासाच होता, पण आवाज मात्र कमावलेला.

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. "हे चोवीस ठरवलं कुणी?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाकुणाची परीक्षा घेऊन ठरवलं? शाळा-कॉलेज केलेल्यांची ना? मग तो आकडा तिला कसा लागू होईल? माझ्या आईला सातने मागे मोजायचं कधी कारणच पडलं नाही. तुम्हाला मी कॉलर लावायला बसवलं तर किती मिळतील तीसपैकी?"

"न शिकलेल्यांना आम्ही थोडी सूट देतो, ताई. ती धरूनच सांगतोय."

"सूट! अख्खा शर्ट दुसऱ्याच्या मापाचा शिवायचा आणि बोटभर कापड सोडून म्हणायचं, घ्या, बसेल तुम्हाला!"

डॉक्टरने हात टेकले. बाहेरच्या जिन्यात थोरल्यानेही टेकले, पण बोलायचा थांबला नाही.

"तुझी भाषणं ऑफिसात दे. गॅस दोनदा चालू राहिला होता तिचा. ती माझ्याकडे येईल, बस. ते दुकान बंद करू, मशीन कुणाला तरी देऊन टाकू. कशाला हवंय आता?"

"मी माझ्या खोलीतून हलणार नाही," आई पायरी उतरता उतरता म्हणाली, जणू कुणी पत्ताच विचारला होता. आणि धाकटीकडे वळून, "तू बघ काय ते."

"बघते. दादा, मला एकदा तिची नीट परीक्षा घेऊ दे. तिच्या मापाची. त्यात ती बसली, तर तिला तिच्या घरात राहू द्यायचं."

"आणि नाही बसली?"

"बसेल."

"नाही बसली तर?"

"मग तू म्हणशील तसं," धाकटी म्हणाली. म्हणताना काही वाटलंही नाही तिला, इतकी खात्री होती.

खात्री असायला कारणही होतं. धाकटीचं पोट याच भांडणावर चालत होतं. शाळकरी मुलांसाठी शहरात बसून काढलेले प्रश्न लांबच्या वस्त्यांवर न्यायचे, तिथल्या मुलांना घालायचे आणि कुठला प्रश्न अक्कल तपासतो अन् कुठला नुसताच पत्ता, ते निवडून काढायचं, हे तिचं काम. एका वर्षी लिफ्टची बटणं मोजायचा प्रश्न होता. ज्यांनी आयुष्यात लिफ्ट पाहिली नव्हती त्या पोरांनी त्यात सरसकट माती खाल्ली, आणि साहेब अहवाल लिहायला बसले की तिकडच्या मुलांचं गणित कच्चं आहे. धाकटीने तोच हिशेब शिडीच्या पायऱ्यांवर बेतून दिला. पोरांनी चुटकीसरशी सोडवला. "मूल मठ्ठ नाही साहेब, प्रश्न मठ्ठ आहे," हे तिचं वाक्य ऑफिसात इतकं गाजलं होतं की ती मीटिंगला उठली की मागच्या बाकावरून कुणीतरी ते आधीच म्हणून टाके.

तर तिने आईसाठी बसून प्रश्न काढले. डॉक्टरला जे तपासायचं तेच तपासायचं, फक्त शिवणाच्या भाषेत. सातने मागे मोजण्याऐवजी बटणांचा डबा आणि शर्टांची थप्पी. घड्याळाऐवजी खडूने कागदावर मुंढा काढायचा, बाही जिथे बसते ती गोलाई. लक्षात ठेवायला डॉक्टरने सफरचंद, टेबल, नाणं असं काहीबाही सांगितलं होतं. तिने पिवळी चेन, निळं बटण आणि उसवलेला खिसा घेतला. आणि नियमाप्रमाणे, प्रश्न आधी तशाच दुसऱ्या माणसांना घालून बघायचे होते. आईच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच न शिकलेल्या, जन्मभर शिवणावर जगलेल्या. तसं नाही केलं तर उद्या थोरलाच म्हणाला असता, लाडक्या लेकीने पेपर सोपा काढला.

गल्लीत अशा चौघी निघाल्या. त्यांत शेवटची काजवाली मावशी. आईच्या दुकानासमोर बसून ती जन्मभर शर्टांना काज करत आलेली.

"माझी परीक्षा?" मावशीला हसू आवरेना. "नापास झाले तर घरी सांगू नकोस हं, सून डोक्यावर बसेल."

"मावशी, पूर्ण बाह्यांच्या शर्टाला कापड किती लागेल?"

"पन्हा किती, ते आधी सांग. अरुंद कापड असेल तर जास्त लागणार. आणि माणूस केवढा?"

धाकटीने पन्हा सांगितला, माणूस सांगितला. मावशीने क्षणात आकडा दिला. बटणं बिनचूक मोजली. मुंढा तर बोलता बोलता काढला, खडू न उचलता. शेवटी चेन, बटण, खिसा तिन्ही सांगून वर विचारलं, "खिसा उसवला होता तर शिवायचा कुणी? मी?"

चौघींनाही जवळजवळ सगळं आलं. धाकटी खूश झाली. प्रश्न खणखणीत होते.

"छान जमतं की मावशी तुम्हाला. कापायचं काम तर तुमचं नाही ना?"

"नव्हतं गं. हल्ली तिचं कापायचं सगळं मीच..." मावशीने जीभ चावली. मग दोऱ्याचं रीळ उगाच गुंडाळत बसली. "मी बोलले म्हणून सांगू नकोस तिला."

आईचे डोळे थकलेत, धाकटीने मनाशी म्हटलं. चष्म्याचा नंबर बदलायला हवा. वाटेत तिने तसं थोरल्याला कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मशीनपाशी बसली होती. मशीनवर कापड नव्हतं. धाकटीने स्टूल ओढलं आणि तिन्ही वस्तू सांगून आईकडून म्हणवून घेतल्या.

"आई, पूर्ण बाह्यांच्या शर्टाला कापड किती?"

"गिऱ्हाइकाच्या पोटावर आहे ते," आई म्हणाली.

धाकटी हसायला गेली. हसू अर्ध्यावरच राहिलं. आई पुढे काहीतरी विचारेल म्हणून ती थांबली. आईने काही विचारलं नाही. ती नुसती गोड चेहरा करून बसून होती, दवाखान्यात बसली होती तशी.

"बरं, सहा शर्ट आहेत. एकेकाला सात बटणं. किती लागतील?"

"डबा भरून पडलाय. कमी नाही पडायची."

"मोजून सांग ना."

"तुझं आपलं काहीतरीच. दुकानदार का मोजत बसतो?"

"आई, नीट उत्तर दे!" धाकटीचा आवाज चढला. परीक्षा घेणाऱ्याने आवाज चढवायचा नसतो, हे ती नव्या पोरींना दरवर्षी बजावायची. तिने आईच्या बोटांत खडू दिला. "मुंढा काढ."

खडू मात्र आईने सराईतपणे धरला. कागदावर एक सरळ रेघ ओढली, झकास, फूटपट्टीने ओढावी तशी. वळायच्या जागी ती थांबली. थांबली ती थांबलीच. मग तिने तीच रेघ पुन्हा वरून गिरवली.

धाकटीचं डोकं भराभर चालू लागलं. कागद गुळगुळीत आहे, कापड हवं होतं. दुपारची वेळ चुकली. बटणांचा प्रश्न हा पाढ्यांचा प्रश्न आहे, तो काढून टाकायला हवा. पहिलाही काढला तरी चालेल. एकेकाला तिच्याकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण ऑफिसात खपलं असतं. फक्त गल्लीतल्या चौघी मधे येत होत्या. त्या मधे याव्यात म्हणून तिनेच तर त्यांना बसवलं होतं.

"मघाशी तीन वस्तू सांगितल्या होत्या, त्या कोणत्या?"

आईने मशीनच्या चाकावर हात ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. पहिल्यांदाच तिला काही गंमत सुचली नाही.

"पुन्हा विचार," ती हळूच म्हणाली. "आता येईल."

एकच प्रश्न दोनदा विचारायचा नसतो. धाकटीने पुन्हा विचारला. मग तिसऱ्यांदा.

"तूच सांग ना गं."

"पिवळी चेन. निळं बटण. उसवलेला खिसा."

"हां!" आईचा चेहरा फुलला. "तेच म्हणत होते मी. झालं ना? सांगून टाक थोरल्याला, पास झाले म्हणून."

"सांगते."

धाकटी जिन्यात येऊन उभी राहिली. फोन लावला.

"काय गं, काय निघाला निकाल?" थोरल्याने विचारलं. "की डॉक्टरचंच काहीतरी चुकलं?"

"दादा, तुझ्या मागच्या खोलीत उजेड कुठल्या बाजूने येतो?"

"का?"

"सांग ना."

"खिडकी डावीकडे आहे. पण खिडकीखाली पलंग आहे."

"मशीनला उजेड डावीकडूनच लागतो," धाकटी म्हणाली.

पलीकडून काहीतरी जड जमिनीवरून सरकवल्याचा आवाज आला.