न येणाऱ्याचा दर

बाब पहिली. खिळे, बिजागऱ्या, कडीकोयंडे.

इथपर्यंत वाचून साहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पंचायत समितीच्या त्या खोलीतल्या दोन बाबूंनी माना वर केल्या आणि सेवकरामला आपले धुळीचे पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

"सेवकराम, हे मेंढ्या भादरायच्या शेडचं अंदाजपत्रक आहे, की कोंबड्यांच्या खुराड्याचं?"

"शेडचंच जी."

"बत्तीस फूट लांब, सोळा फूट रुंद. एकोणीसशे रुपयांत?"

"सामान धरून जी."

बाब दुसरी. कातऱ्या, सहा नग. त्यांना धार लावायचा दगड, एक.

बाब तिसरी. वजनकाटा, मापांसकट.

बाब चौथी. सिमेंट, परवान्यावरचं, भादरायच्या ओट्यापुरतं.

बाब पाचवी. कवेलू. लोकर भरायची पोती.

बाब सहावी.

सहावी नव्हतीच. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागेही काही नव्हतं.

"भिंती कुठे आहेत? खांब, बांबू, मुरूम? मजुरी? कवेलू काय आपोआप उडून छतावर बसणार?"

"ते तं गाव करते जी."

"मग लिहिलं का नाही?"

सेवकरामला प्रश्नच कळला नाही. दुकानातून जे येतं ते त्याने लिहिलं होतं. मोहाडीच्या दुकानात उभं राहून, भाव विचारून, एकेक वस्तू. बांबू दुकानातून येत नाही. माणसंही येत नाहीत. करडीच्या बाजूच्या त्याच्या गावात घर उभं करायचं असलं, कवेलू फेरायचे असले, की घरटी एक माणूस येतो, ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन येतो, ज्याचं घर तो भात-वरण घालतो. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं घर. याचा भाव कोणाला विचारणार?

साहेबांनी समजावून सांगितलं. योजनेत तीन हिस्से सरकारचे, एक गावाचा. गावाने रोख द्यावी किंवा श्रम द्यावेत, चालतं. पण श्रमाची किंमत कागदावर हवी. "तुझ्या हिशोबाने सहाशे पस्तीसच्या खाली नको. सोमवारी समिती बसते. नाहीतर शेड नदीपलीकडच्या गावाला जाईल. त्यांचा कागद पूर्ण आहे."

आणि मग थोडं हळू, "त्यांच्याकडे मेंढ्या तुमच्या निम्म्याही नाहीत. पण कागद आहे."

बाब, जी कुठल्याच कागदावर नाही. मागचा आश्विन.

पावसाळा सरल्यावरची भादरणी सगळ्यांत अवघड. लोकर ओली असली तर पोत्यात कुजते. आणि नुकती भादरलेली मेंढी म्हणजे झोपेत पांघरूण ओढून घेतलेलं माणूस. मागच्या आश्विनात आभाळ निळं झालं, निळंच राहिलं, म्हणून गावातल्या कुरमारांनी, म्हणजे मेंढपाळांनी, तळ्यात मेंढ्या धुतल्या, उन्हात वाळवल्या, चिंचेखाली बसून कातऱ्या चालवल्या. अर्धा कळप उघडा झाला आणि परतीचा पाऊस आला.

सेवकराम आणि त्याची बायको चंद्रकांता यांनी घरात मावल्या तेवढ्या मेंढ्या घेतल्या. चुलीपाशी. खाटेखाली. बाकीच्या बाहेर एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. सकाळी त्यातल्या कितीतरी उठल्या नाहीत.

चंद्रकांता तेव्हा काही बोलली नाही. चैत्रात बोलली.

"छत झालं तं मेंढ्या. नाही तं मेंढ्या नाही. मले थे पुन्हा पाहाचं नाही."

तिने रामटेककडच्या व्यापाऱ्याला निरोपही धाडला होता. अक्षयतृतीयेला तो येणार होता. अक्षयतृतीया त्या सोमवारनंतर लगेच होती. सेवकरामला मेंढ्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि येतं असं तो म्हणतही नव्हता. मेंढ्या गेल्यावर सकाळी उठून कुठे जायचं, हे त्याने एकदा मनात आणून पाहिलं आणि पुन्हा आणलं नाही.

बाब सहावी. श्रम. रुपये ..........

टिंबं साहेबांनी काढून दिली होती. ती भरायला सेवकराम पेन्सिल घेऊन दादाजीच्या अंगणात गेला. दादाजी धानाचा मोठा शेतकरी, घरची बैलबंडी असलेला. दर उन्हाळ्यात सेवकरामचा कळप त्याच्या शेताच्या बांधीत बसतो, खतासाठी. आधी तिथेच विचारावं, असं त्याला वाटलं.

"दादाजीभाऊ, शेडले मुरूम तुमच्या बंडीनं आणसान ना?"

"आणीन ना. त्यात इचारायचं काय?"

"त्याचे किती लिवू?"

"किती म्हणजे?"

"पैसे."

"कोण देऊन राहिला?"

"कोणीच नाही. फकस्त लिवायचे."

दादाजीने तोंडातला तंबाखूचा खर्रा बाजूला थुंकला. "म्हणजे कागदावर मी मजूर आन खिशात काही नाही. मजुराले तं पैसे तरी भेटतेत गा!"

दारात तांदूळ निवडत बसलेली दादाजीची बायको, बायाबाई, हसायला लागली. "आन मी भिंती सारवीन, तिचे किती लिवसान भाऊ?"

"लिव दोन रुपये," दादाजी म्हणाला.

"दोन? आन बंडीचे?"

"बंडीचे दहा तरी. बैल आहेत दोन."

"बैलाईले दहा आन मले दोन! तं मंग बैलाईकूनच सारवून घ्या ना भिंती."

सेवकरामने दोन लिहिले, खोडले. दहा लिहिले, खोडले. बायाबाईने सूप खाली ठेवलं होतं, याचा अर्थ आता तिला खरंच राग आला होता.

तेवढ्यात इतवारी आला. इतवारी ढिवर, तळ्यावर मासे धरणारा. टोपलीत बायाबाईसाठी मासोळी होती. काय चाललंय ते ऐकून तो उकिडवा बसला.

"मंग माये लिव सगळ्यात जास्त. बांबू कोण बांधते? मीच ना. जाळ्याची गाठ मारतो मी. सुटली का आजवर? बंडी तं रस्त्यात मोडते."

"तू तं बोलूच नको," दादाजी म्हणाला. "सुलोचनाबाईचं घर फेरलं, तवा कुठी होतास?"

"तळ्याचं पाणी आटून राहिलं होतं गा! त्या दिवशी नाही काढली तं मासोळी मरते."

"मंग पाच रुपये काहून भरले मुकाट्यानं?"

"भरले! तूच आलास ना वसूल कराले. माया सासऱ्यासमोर. तुले तं उद्याची वाट पाहवत नोयती."

"दर आहे थो. न येणाऱ्याचा. माया बापाच्या वेळी आठ आणे होता."

पेन्सिल

(सेवकरामची पेन्सिल इथे कागदावर टेकलेली राहिली)

"दादाजीभाऊ, एका दिवसाचे पाच?"

"एका घरचे, एका दिवसाचे."

"बंडीवाला नाही आला तं?"

"पाच."

"सारवणारी नाही आली तं?"

"अरे, घर एक, दर एक. त्यात बंडी कुठून आली?"

बायाबाईने सूप उचललं. "पाच आन पाच," ती म्हणाली. "हे बरोबर आहे. बैलाईले काही नाही."

खाडाखोड.

संध्याकाळी चंद्रकांताने अंगणात चिंचोके मांडले. एक चिंचोका, एक घर. सेवकराम नावं सांगत गेला, ती मांडत गेली. शेड उभं करायला तीन दिवस धरले. तिला लिहिता येत नव्हतं, पण मेंढ्या मोजणाऱ्या घरची होती ती. नजर फिरवली की आकडा तोंडावर.

"येणाऱ्याची किंमत कोणी करत नाही," ती चिंचोके सरकवत म्हणाली. "न येणाऱ्याची समदेच करतेत. मंग थेच लिवा ना."

चिंचोके झाले बेचाळीस. बेचाळीस घरं, तीन दिवस, पाच रुपये: सहाशे तीस.

पाच रुपये कमी.

सेवकरामने पुन्हा नावं म्हटली. पुन्हा बेचाळीस.

"सखाबाईचं धरलं नाही," चंद्रकांता म्हणाली.

सखाबाई म्हणजे शेवटच्या घरातली म्हातारी. एकटी. तिच्याकडून कोणी दंड घेत नाही, म्हणून ती मोजायची राहिली होती. तिला धरायचं तर ती येणाऱ्यांतली, म्हणजे न आल्यास दंड भरणारी हवी. म्हाताऱ्या बाईला दंडात बसवायचं? सेवकरामला लाज वाटली. चंद्रकांताला वाटली नाही. ती उठली, गेली आणि सखाबाईचा आवाज इकडे अंगणात ऐकू आला.

"मले कोणी सोडलं? कोणी सोडलं मले? त्याचं नाव सांग! हाताहातानं कवेलू वर जातेत, तं खाली मोजून कोण देते? मायी मोजणी चुकली का कधी? म्हणे म्हातारी! नाही आली तं घ्या ना पाच रुपये, पाह्यतो कोण घेते थे!"

चंद्रकांता परत आली. त्रेचाळिसावा चिंचोका तिने रांगेत ठेवला, जरा जोरातच.

सहाशे पंचेचाळीस.

सोमवार.

"हा पाच रुपयांचा दर कुठला?" साहेबांनी विचारलं. आज ते हसत नव्हते. आतल्या खोलीत समिती बसली होती, चहा आत जात होता.

"गावचा जी. न येणाऱ्याचा."

"न येणाऱ्याचा?"

सेवकरामने सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"ऐकायला चांगलं आहे. पण आत मला विचारतील, दराला आधार काय? मी काय सांगू? कधी कोणी भरले का हे पैसे?"

"आधार बाहेर बसला आहे जी."

"कोण?"

इतवारी आत आला. अंगात धुतलेला सदरा, गुंड्या वरपर्यंत लावलेल्या. वाटेत त्याने सेवकरामला दोनदा सांगितलं होतं, 'मले शरम येऊन राहिली.' आता मात्र तो ताठ उभा होता.

"भरले जी. पाच रुपये."

"एकदा?"

"दोनदा." सेवकरामलाही हे नवीन होतं. "एक सुलोचनाबाईच्या घराचे. एक माया सासऱ्याच्या घराचे. तवा बी तळंच आटलं होतं."

"सासऱ्याच्या घराला गेला नाहीस?"

"बायको अजून बोलते जी."

साहेब हसले. या वेळी दोन्ही बाबूही हसले आणि सेवकरामला आपल्या पायांची आठवण झाली नाही. साहेबांनी कागद उचलला, इतवारीकडे पाहिलं. "चल. आत येऊन हेच सांग. सासऱ्याचं सांगायची गरज नाही."

"सांगतलं तं चालते जी. खरं आहे."

दार लागलं. सेवकराम बाकावर बसला. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम खूप माणसं हसल्याचा आवाज आला आणि त्याने डोळे मिटून घेतले, कारण हसणारी माणसं नाही म्हणत नाहीत, निदान लगेच तरी नाही.

इतवारी बाहेर आला. "सासऱ्याचं सांगतलं," तो म्हणाला.

"आन शेड?"

"शेड तं आधीच मंजूर झालं होतं ना बापा. थे मंग सांगतलं."

सेवकराम उठायला गेला आणि पुन्हा बसला. इतवारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं तसेच बसून राहिले, कोणी उठवेपर्यंत.

व्यापारी.

आला, ओसरीवर बसला, गूळपाणी प्यायला.

"मेंढ्या नाही द्यायच्या," चंद्रकांता म्हणाली.

"छत झालं का?"

"नाही."

"मंग?"

"येऊन राहिलं."

त्याने रिकाम्या जागेकडे पाहिलं, जिथे चार खुंट्या आणि एक दोरी होती. चंद्रकांताकडे पाहिलं. भाव वाढवावा का, असा विचार त्याच्या तोंडावर आला आणि गेला. ती गोठ्याकडे वळलीही होती.

बेरीज.

जेठात तीन दिवस. दादाजीची बंडी रस्त्यात मोडली नाही, हे त्याने इतवारीला दर फेरीला सांगितलं. इतवारीने बांबू बांधले, गाठी मारल्या. बायाबाई आणि बाकीच्या बायांनी भिंती सारवल्या. हातोहात कवेलू चढत गेले आणि खाली सखाबाई मोजत बसली, मोठ्याने, म्हणजे कोणी मध्ये बोलायचं नाही. तीन दिवसांत न येणाऱ्याचे पाच रुपये एकदाही जमले नाहीत.

त्यानंतर

आश्विन. भादरणी सुरू झाली तेव्हा आभाळ निळं होतं, पण या वेळी कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ओट्यावर सहा कातऱ्या चालत होत्या. दुपारी छतावर आधी एक थेंब वाजला, मग सगळे. सेवकरामचा हात थांबला. सगळ्यांचेच थांबले. वर पाहिलं. कवेलूंवर पाऊस, खाली कोरडी लोकर, कोरड्या मेंढ्या.

"काय पाहून राहिले?" चंद्रकांता म्हणाली. "चालू द्या."

भादरलेल्या मेंढ्या एका बाजूला सोडल्या की कोकरांचा गोंधळ होतो. आपली आई इतकी बारीक, इतकी पांढरी, त्यांना ओळखू येत नाही. एक कोकरू या मेंढीपाशी गेलं, हुंगलं, परत आलं. त्या मेंढीपाशी गेलं, तिने शिंगाने लोटलं. ते मध्ये उभं राहून ओरडायला लागलं. बाहेर पाऊस एवढा की त्याचा आवाज सेवकरामलाही नीट ऐकू येईना.

मग कोपऱ्यातून एक मेंढी ओरडली. एकदाच. कोकरू वळलं आणि सरळ तिच्या पोटाखाली घुसलं. शेपूट हलायला लागलं.

सेवकरामने पुढची मेंढी ओट्यावर घेतली.