दार क्रमांक आठ हजार

मी कळंबच्या भागूबाईच्या पडवीतला राउटर बोलतोय. खिडकीच्या वर दोन खिळ्यांवर मला लटकवलंय. एरवी माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, पण या घरातून जे काही जगात जातं आणि जगातून या घरात येतं, ते माझ्यातूनच. म्हणून जे घडलं ते सगळं मला ठाऊक आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गावोगाव इंटरनेटची तार ओढणारा रूपेश मला मोटरसायकलच्या डिकीत घालून इथे घेऊन आला, त्याला आता दोन वर्षं झाली. पहिले चार दिवस सगळ्यांनी माझ्या हिरव्या दिव्यांचं कौतुक केलं. मग कोळ्याने माझ्या पाठीमागे जाळं विणलं आणि मी आहे हेही लोक विसरले. भागूबाईचा नवरा सदू एका रिसॉर्टच्या बागेत कामाला जातो. घरी आला की फोनवर कुस्त्या बघतो. त्यांची मुलगी अक्षदा शिरवळला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकते, चौथ्या वर्षाला आहे. मायलेकींचं रोजचं बोलणं माझ्यातून जायचं. एवढंच माझं आयुष्य होतं.

मग मैना गाभण राहिली. मैना म्हणजे घरची म्हैस. आदल्या वर्षी ती भरदुपारी व्यायली तेव्हा सगळे शेतावर होते. परत आले तर पारडू गेलेलं. भागूबाईने त्या वेळी खरवस केला नाही. चीक आंब्याच्या बुंध्याशी ओतून दिला.

यंदा दिवस भरत आले तशी अक्षदा चार दिवसांच्या सुट्टीवर आली, तीच एक जुना कॅमेरा घेऊन. तिने तो गोठ्याच्या आढ्याला बांधला. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप बंद पडलेलं होतं, त्यामुळे शिरवळहून गोठा बघायचा तर माझ्यातून थेट वाट काढावी लागणार होती.

घरातल्या प्रत्येक यंत्राला मी एक नंबर देतो, आणि बाहेरून कुणी न सांगता आलं तर त्याला दारातच अडवतो. अक्षदाने लॅपटॉपवर माझं सेटिंगचं पान उघडून मला नवा नियम लिहून दिला : आठ हजार नंबरच्या दारावर कुणी आलं, तर त्याला गोठ्यातल्या कॅमेऱ्याकडे सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. माझा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही तिने बदलला. मला पहिल्यांदाच कुणी एवढं जबाबदारीचं काम दिलं होतं. माझे दिवे कसे लुकलुकत होते म्हणून सांगू.

फोनवर रवंथ करणारी मैना दिसली. सदू म्हणाला, "झालं की गं."

"नाय बाबा. आपण घरातच हाय. वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर बघते." ती रस्त्यापर्यंत चालत गेली आणि तोंड पाडून परत आली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली आणि आली. त्यानंतर तर घरातसुद्धा चित्र दिसेना. ही चूक माझी होती, कबूल करतो. वीज आल्यावर मी घाईघाईने पुन्हा नंबर वाटले आणि कॅमेऱ्याचा नंबर सदूच्या फोनला देऊन बसलो. आठ हजारावर येणाऱ्याला मी आता सदूच्या खिशात पाठवत होतो. अक्षदाने माझ्या पानावरची नंबरांची यादी वाचली, कपाळावर हात मारला आणि तो नंबर कॅमेऱ्याच्या नावावर कायमचा लिहून टाकला. घरातलं चित्र परत आलं. रस्त्यावर मात्र तेच, पडदा काळा.

तीन दिवसांत ती रस्त्यावर किती वेळा गेली आणि आली, मी मोजलं नाही. भागूबाई म्हणाली, "राहू दे गं. मी बसन गोठ्यात."

"किती दिवस बसशील, आये?"

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी अक्षदाने शांतपणे दोन आकडे कागदावर लिहिले. एक, माझ्या पानावर दिसणारा माझा बाहेरचा पत्ता. दुसरा, बाहेरचं जग आम्हाला ज्या पत्त्याने ओळखतं तो. दोन्ही वेगळे निघाले. ती उठून उभी राहिली. "आये, याच्यात बिघाड नायच. याच्या वर अजून एक दार हाय."

खरंच होतं. इंटरनेट देणाऱ्यांनी वर एक मोठं यंत्र ठेवून साऱ्या गावाला एकच पत्ता दिला होता. आमच्याकडे येणारा तिथूनच परत जात होता. माझं दार उघडं होतं, माझ्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. निर्दोष ठरल्याचा आनंद काय असतो, ते मला त्या सकाळी कळलं.

तिने रूपेशला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, वरचं माज्या हातात नाय."

"हातात नाय, पन सांगणं तर तुमच्याकडंच हाय ना? या घराला स्वतःचा पत्ता पायजे, एवढंच सांगा. नियम मी लिवून ठेवलाय."

तो हसून हो म्हणाला. अक्षदा दुपारी निघून गेली. बुधवारी रूपेशचा निरोप आला, पत्ता मिळाला, राउटर बंद करून चालू करा. भागूबाईने सिमवरून फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला आणि माझं बटण दाबलं.

"चारी दिवे लागले का?" अक्षदाने विचारलं.

"तीन लागले. चवथा इचार करतोय." मग म्हणाली, "लागला."

आणि आठ हजारावर थाप पडली. शिरवळहून कुणी आलं होतं. मी नियम पाहिला आणि आत सोडलं.

"आये," अक्षदाचा आवाज चढला होता, "मैनाच्या शेपटीपाशी माशी बसलीय बघ."

भागूबाई धावत गोठ्यात गेली. माशी होती. तिने ती हाकलली आणि वर कॅमेऱ्याकडे बघत नुसती उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी अकराला, भागूबाई ओढ्यापलीकडे वांगी तोडत होती, सदू कामावर. शिरवळला तास सुटल्यावर अक्षदाने गोठा पाहिला. मैना बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. मागे पारडाचा एकच पाय बाहेर दिसत होता. तिने आईला फोन केला. भागूबाई पाटी टाकून पळत आली.

गुरांचे डॉक्टर कुंभिवलीला दुसऱ्या म्हशीकडे होते, यायला दीड तास लागणार होता. अक्षदा फोन घेऊन कॉलेजातल्या सुचेता मॅडमकडे धावली. दोघी पडद्यावर वाकल्या. गोठ्यात भागूबाईने तिचा फोन कोनाड्यात मोठ्या आवाजावर ठेवला. चित्र माझ्यातून जात होतं, शब्द माझ्यातून येत होते, आणि वीज जाऊ नये एवढंच मी मागत होतो.

"दुसरा पाय आत मुडपलाय," मॅडम म्हणाल्या. "हात साबणाने धुवा. कोपरापर्यंत."

"आये, कळ ओसरली की पारडू आत ढकल. हळू. आता खूर शोध."

"घावला."

"तळहातात झाक तो, आतनं मैनाला लागू देऊ नको. आता वर घे आणि पुढं."

भागूबाई डोळे मिटून काम करत होती. मग दुसरा खूर दिसला, पाठोपाठ नाक. पुढच्या दोन कळांत पारडी बाहेर आली. अक्षदाने सांगितल्याप्रमाणे भागूबाईने तिचं नाकतोंड पुसलं, गवताच्या मुठीने अंग चोळलं. पारडीने कान हलवला.

"बघितलं का गं?" भागूबाईने विचारलं.

"बघितलं," अक्षदा म्हणाली.

या वेळी खरवस झाला.

आठवड्याने अक्षदाने फोनवर सांगितलं, "आता दार बंद करते, आये. गरज नसताना उघडं ठेवू नये."

भागूबाईने फोन दुसऱ्या कानाला धरला. मग म्हणाली, "राहू दे गं. सकाळचं शेण काढताना वाटतं, तू वर बसलीयस."

अक्षदाने दार ठेवलं, फक्त पासवर्ड आणखी लांब केला.

आता माझं वय झालंय. दुपारी अंग तापतं, एक अँटेना सैल झालाय. मागणं एवढंच : माझ्यावर शोभेचं फडकं टाकू नका. आणि कधी बाहेरून कुणी आत येऊ शकलं नाही, तर मला काढून फेकण्याआधी माझ्या वर आणखी कुठलं दार आहे का, ते बघा.

रोज साडेसहाला शिरवळहून थाप येते. भागूबाई हल्ली केस विंचरून, कुंकू लावून गोठ्यात जाते. सदू विचारतो, "म्हशीसाठी एवढं?" ती वर कॅमेऱ्याकडे बघून पदर सारखा करते.