प्रागच्या वाटेवर मोहोळ

विजयमालाला विमानाची भीती वाटते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण तीच ते सांगत सुटली होती. "वर गेल्यावर पोट ढवळलं तर उतरायचं कुटं?" असं म्हणायची आणि बायका हसायच्या. एक भीती झाकायची असली की दुसरी पुढं करावी लागते. खरी भीती तिच्या घरात सोफ्यावर बसलेली असायची, पायांत लोकरी मोजे घालून. सोलापुरातली थंडी ती कसली, पण सिद्धरामला प्रागच्या थंडीची आतापासून सवय करायची होती.

सिद्धराम म्हणजे तिचा नवरा. नाव आपण घ्यायचं. तिनं ते लग्नात उखाण्यात एकदा घेतलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं. 'अहो', 'हे', 'रुपालीचे पप्पा' एवढ्यावर तिचा सगळा संसार झाला. सिद्धराम सांगोल्याकडचा, धनगराचं पोर. मेंढरांमागं वाढला, पुढं एसटीत ड्रायव्हर लागला आणि निवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ सोलापूर-पुणे रस्त्यावरच होता, वाटेत मोहोळला चहाचा थांबा ठरलेला. स्वभाव चेष्टेखोर. गाडी बंद पडली तरी प्रवासी शिव्या द्यायच्या ऐवजी हसत खाली उतरायचे. हाच स्वभाव आता विजयमालाच्या मुळावर आला होता.

लेक रुपाली प्रागला नोकरीला. आईबापांना एकदा तिथं आणायचं, सगळं दाखवायचं, हा तिचा हट्ट. या मे महिन्यात तिला रजा मिळणार होती, आणि येत्या रविवारी ती तिकिटं काढणार होती. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि बेताचं दळण सुरू व्हायचं. आधी प्राग, मग कुटना होरा, मग नदीच्या वळणातलं चेस्की क्रुमलोव्ह.

"पप्पा, कुटना होरा म्हणजे चांदीच्या खाणींचं जुनं गाव. तिथं एक चर्च आहे, आत सगळी सजावट माणसांच्या हाडांची."

"हाडं बघायला येवढ्या लांब? तुज्या आईचं गुडघं हितंच वाजत्यात की!" सिद्धराम म्हणाला आणि त्याची डावी भुवई वर चढली.

रुपाली हसली. मग तिनं प्रागच्या चौकातलं जुनं घड्याळ मोबाइलवर दाखवलं. तास भरला की त्यातला सांगाडा दोरी ओढतो आणि घंटा वाजते. सिद्धरामनं ते पोरासारखं परत परत बघितलं. विजयमालानं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं.

"तितं थंडी किती असती?" त्यानं विचारलं.

"कालच सांगितलं की, पप्पा! मे महिन्यात आपल्या डिसेंबरएवढी."

"आन् त्या कुटना होराला गाडी कवा निघती?"

"सकाळी. तासाभराचा रस्ता आहे."

"मंग मोहोळला चहाला थांबू," सिद्धराम म्हणाला.

रुपाली डोळ्यांत पाणी येईतो हसली. "पप्पा म्हणजे ना!" विजयमालाही हसली, पण तोंडदेखलं. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं होतं. चेष्टा केली की त्याची डावी भुवई चढायची, इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. या वेळी भुवई जागची हलली नव्हती. लेक हसतीय हे बघून, जरा थांबून, तो हसला.

हे आजचं नव्हतं. दिवाळीआधी दूध आणायला गेला तो लांब सात रस्ता चौकात सापडला. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. "ड्रायव्हर मामांना इचारलं कुटं जायचं, तर नुसतं हसले," तो म्हणाला. "फिरायला गेले हुते," विजयमालानं ठोकून दिलं. मग एकदा गॅस चालू राहिला, एकदा तो बाथरूमच्या दारात उभा राहून दार कुठलं ते विचारू लागला. दर वेळी त्यानं काहीतरी चेष्टा केली आणि दर वेळी तिनं ती चेष्टा म्हणून पदरात घेतली. शेजारच्या मीनाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी एकदा आडून सुचवलं, "वैनी, भाऊंना एकदा डॉक्टरांना दाखवा की." विजयमाला त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला बजावत होती. मूठ झाकून झाकून बोटं वळायला लागली होती, ते मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

सोलापुरात तो हरवला तर त्याला आणून सोडणारे शंभर होते. पानवाला, दूधवाला, डेपोतली पोरं, सगळ्यांचा ड्रायव्हर मामा. प्रागला कोण? तिथं कुणाला त्याचं नाव ठाऊक नाही, त्याला कुणाची भाषा ठाऊक नाही. तो त्या दगडी चौकात घड्याळाखाली उभा राहणार, वर तो सांगाडा दोरी ओढणार, आणि हा हसत कुठल्यातरी गल्लीत शिरणार. हे चित्र भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, कधीही समोर उभं राहायचं. लेकीला सांगावं तर बोलल्यानंच ते खरं होईल असं वाटायचं. न सांगावं तर आपल्याच हातानं माणूस नेऊन परमुलखात हरवून यायचा.

रुपालीनं दोघांना एक नियम घालून दिला होता. चुकामूक झाली तर जिथं आहात तिथंच उभं राहायचं. सिद्धरामला तो फार पटला.

"आमचा बा हेच म्हणायचा," तो म्हणाला. "ज्ञानबा धनगर काय शाळेत गेला न्हवता, पर त्याला म्हाईत हुतं. चुकलेलं मेंढरू हुबं ऱ्हायलं तर धन्याला घावतं, पळत सुटलं तर लांडग्याला."

बापाचं बोलणं त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. विजयमालाला त्याचा आधार वाटला. तिनं ठरवलं, रविवारच्या आत एकदा परीक्षा घ्यायची. गर्दीत सोडून बघायचा. उभा राहिला तर प्रागला जायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण घाबरलेल्या माणसाला शहाणपण कोण शिकवणार?

संक्रांतीचे दिवस होते, होम मैदानावर सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे गड्डा, भरलेला. शनिवारी उन्हं कलल्यावर ती त्याला घेऊन गेली. पाळणे गरगरत होते, मौत का कुआँमधल्या मोटारसायकली कानठळ्या बसवत होत्या, भज्यांच्या तेलाचा वास आणि फुफाटा घशात बसत होता. सिद्धराम खूश होता. बायकोचा दंड धरून चालला होता.

"चुकामूक झाली तर काय करायचं?" तिनं विचारलं.

"हुबं ऱ्हायचं. येवढं कळतंय मला."

बांगड्यांच्या दुकानाशी तिनं त्याचा हात सोडवला. "आलेच हं," म्हणाली आणि दुकानाच्या ताडपत्रीमागं गेली. फटीतून बघत राहिली. तो उभा होता. अगदी शहाण्यासारखा, हात मागं बांधून. तिच्या छातीवरचा धोंडा हलला. तेवढ्यात बँडवाले आले, त्यांच्यामागं माणसांचा लोंढा आला, आणि लोंढा सरला तेव्हा त्या जागी एक बाई फुगे घेऊन उभी होती.

विजयमाला बाहेर धावली. "अहो!" तिनं हाक मारली. चार-पाच पुरुषांनी वळून बघितलं. त्यांतला एकही तिचा नव्हता. "अहो! अवो, ऐकताय का?" आणखी दोघं वळले. गड्ड्यातली निम्मी गर्दी कुणाचे ना कुणाचे 'अहो' होती. तिनं मोबाइल लावला, आणि तिच्याच पिशवीत त्याचा फोन वाजायला लागला. सकाळी तिनंच तो सांभाळायला म्हणून ठेवला होता.

हरवलेल्यांच्या मंडपात माइकपुढं एक पोलीस बाई बसली होती.

"कोण हरवलंय, मावशी? नातू?"

"न्हाय वो. आमचे हे."

"नाव?"

विजयमालाच्या तोंडावर आलेलं नाव परत आत गेलं. "रुपालीचे पप्पा म्हना. ड्रायव्हर हुते एसटीत."

"अहो, नावाशिवाय कसं पुकारू?" असं म्हणत तिनं तसंच पुकारलं. रुपालीचे पप्पा, एसटीचे ड्रायव्हर, असाल तिथून मंडपाकडं या. कर्ण्यातला तो आवाज पाळण्यांच्या गोंगाटात विरून गेला. कुणी आलं नाही. विजयमाला तिथं थांबू शकली नाही. माणसं ढकलत, कुणाचे पाय तुडवत ती रस्त्याकडच्या अंगाला निघाली. सिद्धेश्वरा, मी हे काय केलं, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

आणि तो दिसला. बाहेर, रस्त्याच्या कडेला. ड्युटीवर जायला उशीर झाल्यासारखा तरातरा चालला होता. पलीकडून बस येत होती आणि तो त्या बसकडंच बघत होता, आपलीच गाडी असल्यासारखा.

"अहो!" ती ओरडली. तो वळला नाही. "अहोऽऽ!" त्याचा एक पाय रस्त्यावर उतरला.

"सिद्धराम!"

आपल्याच तोंडून निघालेलं ते नाव तिला परक्या बाईच्या तोंडचं वाटलं. "ए सिद्धराम! थांब तितंच!"

तो जागीच थांबला. बस त्याच्या पुढून धडधडत निघून गेली. तो वळला. ती धापा टाकत पोचली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आश्चर्य. त्यानं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"आलो की गं, आये," तो म्हणाला. "लई माणसं हायत हितं. मला सोडून कुटं गेल्तीस?"

गोजाबाईला, त्याच्या आईला, जाऊन वीस वर्षं होत आली होती. त्याला नावानं हाक मारणारी तीच एक बाई होती. विजयमालानं रस्त्याकडं बघितलं, गड्ड्याच्या दिव्यांकडं बघितलं. रडायची जागा नव्हती ती.

"कुटं न्हाय गेले," ती म्हणाली. "हितंच हाय."

रिक्षात तो तिच्या खांद्याला टेकून झोपला. घर येईपर्यंत त्याच्या मुठीतला पदर सुटला नव्हता.

रविवारी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. दाढी करून, मोजे चढवून तो कॉलच्या आधीच सोफ्यावर तयार. रुपालीनं आल्याआल्याच सांगितलं, "पप्पा, तिकिटं समोर उघडून बसलीय. बोला, काढू?"

"काढ की! आन् तितं थंडी किती असती?"

"पप्पा, रोज काय तेच!"

"बरं बरं. मोहोळला चहाला थांबायचं तेवढं ड्रायव्हरला सांगून ठिव."

रुपाली खळखळून हसली. विजयमाला या वेळी हसली नाही. तिनं फोन आपल्या हातात घेतला.

"हसू नगंस, रुपाली," ती म्हणाली. "ते चेष्टा करत न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजे त्यांला खरंच वाटतंय, वाटंत मोहोळ लागतंय. दिवाळीच्या आधीपासनं चाललंय असं. मी झाकत आले. काल गड्ड्यात हरवले हुते, पोरी. बसखाली जायचे वाचले."

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. सिद्धराम एकदा मोबाइलकडं, एकदा बायकोकडं बघत होता. विजयमालाला वाटलं, आता चिडेल, आता भुवई उडवून काहीतरी बोलेल. तिनं मनातल्या मनात नवस बोलल्यासारखं त्या भुवईकडं बघितलं.

"आगं विजू," तो हळूच म्हणाला, "मोहोळ कुटं आलं?"

ज्या गावावरून जाण्यायेण्यात त्याची सगळी नोकरी सरली ते गाव तो शोधत होता, आणि त्याला भीती वाटत होती. ती भीती त्याच्या डोळ्यांत सरळ दिसत होती. विजयमालाच्या भीतीइतकीच जुनी असावी. इतके दिवस दोघं एकाच घरात, एकमेकांपासून लपवून, एकच भीती सांभाळत बसले होते.

"हितंच आलंय, जवळच," विजयमाला म्हणाली. "दोघं जाऊ चहाला."

पलीकडं रुपालीनं डोळे पुसले. "आई, तिकीट काढतेय. माझं. सोलापूरचं."

"कोन येतंय?" सिद्धरामनं विचारलं.

"रुपाली येतीय."

"आरं! मंग स्टँडवर आणायला नगं व्हय जायला?" तो उठला, चप्पल शोधू लागला, मोजे घातलेलेच पाय तिच्यात सरकवून दाराकडं निघाला. विजयमालाच्या तोंडून सवयीनं 'अहो' निघालं. तो थांबला नाही. कडी काढायला त्याचा हात वर गेला.

तिनं क्षणभर डोळे मिटले. गल्लीत ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, तिनं हाक मारली.

"सिद्धराम."

तो थांबला.