होबार्टच्या झोळीचं अस्तर

व्हर्लीच्या हातचं एकच शिवणकाम माझ्याकडे उरलं आहे, आणि नेमकं तेच तिला जाळायचं होतं.

व्हर्ली माझी भावजय, होबार्टची बायको. आमच्या खोऱ्यात तिच्यासारखी गोधडी शिवणारी दुसरी झाली नाही. पुढच्या खोलीत छताला दोऱ्यांनी टांगलेली तिची लाकडी चौकट होती. शिवायला बसताना ती खाली सोडायची, जेवायच्या वेळी वर ओढायची. इंचाला दहा टाके, सगळे एकसारखे, आणि उलट बाजूनेही तितकेच देखणे. चर्चमधल्या आम्ही बायका दर गुरुवारी तिथे जमायचो. एखादीचा टाका मोठा पडला तर व्हर्ली तोंडाने काही बोलायची नाही. आम्ही घरी गेलो की तेवढा भाग उसवून स्वतः पुन्हा घालायची. पुढच्या गुरुवारी आपला टाका आपल्याला सापडला नाही, की जिचं तिला कळायचं.

फक्त आमच्यातल्या झेल्माला तिने कधी चौकटीला बसू दिलं नाही. झेल्माला बारीक टाका जमत नसे. ती भरपूर भरण घालून दुलया करायची, वीतभर अंतरावर लोकरीच्या धाग्याची एकेक गाठ मारायची की झाली मोकळी. असल्या दुलया आमच्याकडे पोरांच्या खाटेवर जायच्या, नाहीतर शिकारीला निघालेल्यांच्या गाडीत. पाहुण्यांच्या पलंगावर नाही. गुरुवारी झेल्मा चौकटीपासून लांब बसून आमच्या सुयांत दोरे ओवून द्यायची आणि अख्ख्या गावाच्या बातम्या सांगायची.

आता होबार्ट. माझा धाकटा भाऊ. कागदाच्या गिरणीत त्याची सगळी उमर गेली. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं. डोंगरमाथ्यावरून उत्तरेकडे जाणारी ती लांबलचक पायवाट आमच्या गावातूनच जाते. दर वसंतात पाठीवर घरदार घेतलेली, दाढ्या वाढलेली पोरं खाली उतरतात, कपडे धुतात, दुष्काळातून आल्यासारखी खातात आणि पुन्हा वर चढतात. निवृत्त झाल्यावर होबार्ट त्यांना आपल्या पिकअपमधून दुकानापर्यंत न्यायचा-आणायचा. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते, तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या मार्चात मीपण निघणार."

"कुठे?" व्हर्ली मक्याच्या पावाचे तुकडे करत होती.

"वर. उत्तरेला. गुडघे नेतील तिथवर."

"तुझे गुडघे चर्चच्या पायऱ्यांवर कुरकुरतात."

"चालताना नाही कुरकुरत. जमिनीवरून उठताना कुरकुरतात. म्हणून तंबू नकोच. झोळी."

एका पोराने ओझं झालं म्हणून आपली नायलॉनची झोळी त्याला देऊन टाकली होती. ती त्याने त्याच संध्याकाळी अंगणातल्या दोन मेपलच्या झाडांमध्ये बांधली आणि बुटांसकट आत जाऊन पडला.

"सत्तरीला टेकला आणि झोळीत झोपायला निघाला," व्हर्ली मला म्हणाली. "ओलेटा, तुझ्या भावाला एक खुळखुळा आण."

"आणि तू अंगाई म्हण," झोळीतून आवाज आला. "दुधाची बाटली मी माझी बघतो."

उन्हाळाभर हसून घेतलं आम्ही. पण पानं रंगायला लागली तसा होबार्ट पाठ चोळत घरात येऊ लागला. वरून कितीही पांघरलं तरी खालून वारा लागायचा. झोळीचं कापड पातळ, आणि खाली सगळी मोकळी हवा. मग त्याने व्हर्लीला विचारलं, "आतून एखादं गरम अस्तर लावून देशील?"

व्हर्लीला त्याने जायला नको होतं. शेंगा मोडताना एकदाच ती माझ्याशी त्याबद्दल बोलली. सतराव्या वर्षी बहिणींच्या खाटेवरून उठून ती होबार्टच्या घरी आली होती. एकटी ती कधी झोपलीच नव्हती. "तो वर कुठे मेला तर मला सांगायला कोण येईल?" ती म्हणाली. "आणि नाही मेला तरी..." पुढचं तिने शेंगांवर काढलं.

म्हणून तिने पैज लावली. अस्तर मी लावून देते. पहिल्या कडक हिमाच्या रात्री झोळीत झोप. न्याहारीपर्यंत बाहेर राहिलास तर मार्चात जा, मी डबा बांधून देईन. त्याआधी आत आलास, तर झोळी कोठारात आणि पुन्हा तिचं नाव नाही. होबार्ट कबूल झाला. साक्षीला मी.

"मग काय," मी तिला नंतर म्हटलं. "जरा वाईट शिव. काम झालं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला प्रार्थनेच्या वेळी शिट्टी मारायला सांगितलं होतं. "माझ्या हातचं? वाईट?"

चौकट खाली आली. होबार्टच्या जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्यांचे तुकडे, मधे कापूस, आणि त्यावर तिने पिसांची नक्षी घातली, गरुडाच्या पंखासारखी, एकात एक. नवऱ्याला घरी ठेवायचं म्हणून लावलेल्या पैजेचं अस्तर, आणि बाई डोळे फोडून ते शिवत होती. झोळीच्या आत ते तिने असं बसवलं की एक सुरकुती नाही. गुरुवारी सगळ्याजणी अंगणात बघायला आल्या. पाद्रीबाईंनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला.

"यावर झोपायचं?" झेल्मा म्हणाली. "मला तर याच्यासमोर बसायचीपण लाज वाटेल."

"तुला कुणी बसायला सांगितलं नाही," व्हर्ली गोड हसून म्हणाली.

कडक हिम पडलं. सकाळी मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर झोळी रिकामी आणि पांढरीफटक. गेले. होबार्ट शेगडीला पाठ लावून बसला होता, ओठ निळे. व्हर्ली गुणगुणत पावासारखी फुगलेली बिस्किटं भाजत होती. वर सॉसेजची ग्रेव्ही, वर सफरचंदाचा मुरांबा. वाढदिवसालाही इतकं नसायचं.

होबार्ट शब्दाचा पक्का. खाऊन उठला, झोळीची घडी केली आणि कोठारात ठेवून आला. त्या दिवसापासून पिकअप घेऊन गावात जाणंही त्याने सोडलं. खुर्ची खिडकीपासून वळवून बसायचा. व्हर्लीला ते दिसत होतं, पण ती जिंकली होती.

रविवारी चर्चच्या दारात झेल्माने त्याला गाठलं. "काय ब्रदर होबार्ट, झोप कशी लागली?"

होबार्टला खोटं बोलता येत नसे, चर्चच्या पायरीवर तर नाहीच. "खरं सांगायचं तर सिस्टर झेल्मा, पाठ गोठली माझी."

"व्हर्लीच्या गोधडीत?" झेल्माचा आवाज आधीच मोठा, त्यात तिने थोडा वाढवला. "अगं बाई! म्हणजे नुसती बघायचीच म्हणायची. माझ्या गाठींच्या दुलईत कुणी गारठल्याचं अजून कानावर नाही आलं."

घरी आल्यावर व्हर्ली गाडीतून उतरली ती सरळ कोठारात. रविवारचा फ्रॉक, हॅट, तशीच. मी मागे गेले. तिने झोळी तुळईला अडकवली, आत आडवी झाली आणि हात खाली घालून आपलंच अस्तर चाचपू लागली.

"ओलेटा, इथे बघ. पोळीसारखं झालंय."

तिच्या अंगाखाली कापूस दबून चपटा झाला होता. आणि जो दबायचा राहिला असता तो तिच्या टाक्यांनी आधीच आवळून ठेवला होता. इंचाला दहा. ऊब राहायची तर भरण फुगलेलं हवं, आणि अस्तर आत नको, झोळीच्या खाली सैल लोंबतं हवं, म्हणजे अंगाचा भार त्यावर येणार नाही. जाड, ढिलं, लोंबतं आणि मोठ्या टाक्यांचं. म्हणजे झेल्माचं.

चार दिवस गेले. मग एका दुपारी माझ्याकडे आली. "तू झेल्माकडे जा. सहज गेल्यासारखी. आणि विचार, गाठी किती अंतरावर मारते. स्वतःसाठी विचारतेयस असं दाखव."

मी गेले. झेल्माने मला कॉफी दिली, केक दिला, आणि माझं सगळं ऐकून घेतलं. "तिला सांग," ती म्हणाली, "वीतभर. आणि हात सैल सोड म्हणावं. राग आला असेल तेव्हा शिवू नको, गाठ आवळते."

"कुणाला सांगू?"

"केक खा, ओलेटा."

व्हर्लीने ते मागच्या खोलीत केलं, पडदे ओढून. त्या गुरुवारी तिला पडसं झालं, पुढच्याही गुरुवारी झालं. वडिलांच्या मेंढ्यांची जुनी लोकर तिने पिंजून भरली, दोन्हीकडून तपकिरी फ्लॅनेल लावलं, वर लाल धाग्याच्या गाठी. दोन टोकांना नेफे करून त्यात इलॅस्टिक ओवलं, म्हणजे झोळीच्या खाली पाळण्यासारखं लटकवता येईल. इतकी कुरूप वस्तू त्या घरात कधी झाली नव्हती. मग तिने होबार्टसमोर झोळी आणून टाकली.

"आज हिम पडणार आहे. झोप जा."

"मी हरलो की. शब्द म्हणजे शब्द."

"तू नाही हरलास. माझं शिवण हरलं. ते मी ठेवून घेणार नाही. चल, ऊठ."

"व्हर्ली, तुला मी जायला हवंय की नकोय?"

"तुला झोपायला सांगितलंय, डोकं चालवायला नाही."

सकाळी तिने मला बोलावून घेतलं. बिस्किटं थंड झाली होती. सूर्य मेपलांच्या वर आला तरी झोळी जागची हलली नव्हती. व्हर्ली कॉफीचा पेला घेऊन बाहेर गेली, वाकली, अस्तरात हात घातला आणि धावत परत आली. मी तिला पन्नाशीनंतर धावताना पाहिलं नव्हतं.

"भट्टी आहे नुसती! आणि हा घोरतोय, ओलेटा. बाहेर पाणी गोठलंय आणि हा घोरतोय!" तिचा चेहरा असा उजळला होता, जसं काही बक्षीसच मिळालं होतं. मग ती पेला हातात तसाच धरून खुर्चीत बसली. झोळीकडे बघत राहिली.

"मी हे काय करून बसले?" ती म्हणाली.

मार्चात होबार्ट निघाला. गावातली निम्मी माणसं निरोपाला जमली. पाद्रीबाईंनी ते तपकिरी बोचकं पाहून विचारलं, "हे व्हर्लीने शिवलं?"

"छे," व्हर्ली म्हणाली. "हे सिस्टर झेल्माचं. तिने आठवणीने करून दिलं."

सगळ्या झेल्माकडे वळल्या. झेल्माने व्हर्लीकडे पाहिलं, मग त्या लाल गाठींकडे, आणि मान डोलावली. "गाठी बऱ्या साधल्यात म्हणायच्या," ती म्हणाली. "सुरुवातीच्या जरा आवळल्या गेल्यात." कौतुक तिने मन भरून घेतलं. त्यानंतरच्या गुरुवारी व्हर्लीने तिला चौकटीला बसायला जागा दिली, आणि तिचे टाके कधीच उसवले नाहीत.

मे महिन्यात उकडायला लागलं की वाटेवरची सगळी माणसं हिवाळ्याच्या वस्तू टपालाने घरी पाठवून देतात. होबार्टनेही पाठवलं. पार्सल उघडलं तर धुराचा, मातीचा आणि होबार्टचा वास. व्हर्ली म्हणाली, "तो परत आला की जाळून टाकते, कुणी बघायच्या आत." दुसऱ्या दिवशी मी काहीतरी मागायला गेले तेव्हा तिच्या पलंगावर तिची ती प्रसिद्ध ताऱ्यांची गोधडी होती, आणि गोधडीच्या कडेखालून तपकिरी फ्लॅनेल डोकावत होतं. तिने ते कधी धुतलंही नाही.

होबार्ट पेनसिल्व्हेनियातल्या खडकाळ वाटेपर्यंत पोचला, तिथे गुडघ्यांनी साथ सोडली, आणि पानगळ सुरू व्हायच्या आत तो घरी आला. बायकोला दगडात उमटलेला एक पंख्याच्या आकाराचा शिंपला आणि मला एक खोकला आणला. अस्तर काही जळलं नाही.

आता ती तिघंही चर्चच्या मागच्या टेकाडावर पुरलेली आहेत. व्हर्लीच्या गोधड्या नाती घेऊन गेल्या. कुणाची काचेत आहे, कुणाची पेटीत, अंगावर कुणीच घेत नाही. अस्तर कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं.

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या संग्रहालयातली एक बाई आली होती. व्हर्लीच्या कामाचं प्रदर्शन भरवताहेत म्हणे, तुमच्याकडे तिच्या हातचं काही आहे का? मी म्हटलं, सगळं नातींकडे गेलं. तिची नजर माझ्या पायांवरच्या तपकिरी दुलईवर गेली. तिने दोन बोटांनी एक कोपरा उचलला.

"मग ही कुणाची?"

"झेल्माची," मी म्हटलं.

"हो, व्हर्लीची नाही हे दिसतंच आहे," ती म्हणाली, आणि कोपरा हलकेच खाली सोडला.

ती गेल्यावर मी पाय पुन्हा आत ओढून घेतले.