कोंबड्यांचं वेगळं पाणी

पनागरला भीमाबाईच्या शेडमध्ये मानमोडीची साथ घुसली आणि कोंबड्या वाकड्या मानेनं गोल गोल फिरायला लागल्या. नात एकता जवळच्याच जबलपुरात पशुवैद्यकीला होती, डिग्री थीसिसवर अडकलेली. विषय आयताच घरी चालून आला. वाचलेल्या कोंबड्यांमध्ये तिनं जाळी ताणली. एका बाजूला अमिनो अ‍ॅसिडचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं. मग रक्त तपासायचं, विषाणूशी लढायची ताकद कुणात जास्त ते पाहायचं.

“अ‍ॅसिड?” भीमाबाई किंचाळली. “संडास धुवाचं? माह्या कोंबड्याइले?”

“आजी, वो वाला नहीं. प्रोटीनचे तुकडे असतात. डाळीत असतात ना, तेच.”

“मंग डाळ म्हण ना. अ‍ॅसिड काहून म्हणते?”

औषधवाल्या कोंबड्या माना ताठ करून दाणे टिपू लागल्या. भीमाबाईची भीती गेली, पण डोक्यात दुसराच राग शिरला.

“या इकडच्याइनं काय घोडं मारलं? याइलेच साधं पाणी?”

“तुलना करायला. याला कंट्रोल म्हणतात.”

“लय पाहिले कंट्रोल करणारे.”

रक्ताचा रिपोर्ट आला. दोन्ही बाजू सारख्याच. गाईड डॉक्टर आलोक म्हणाले, “चलो, आंकड़े थोड़ा सेट कर लो. सब करते हैं.”

सगळे करतात! या खोटेपणाच्या रोगावर कोणी लस काढत नाही. त्यापुढे मानमोडी परवडली.

एकता तणतणत घरी आली. “आजी, साध्या पाण्यात काही पडलं होतं?”

“पडलं नाही. मी ओतलं. तू कॉलेजले गेली का बादलीनं इकडचं तिकडं करो, तिकडचं इकडं.” भीमाबाईला तिळमात्र लाज नव्हती. “माही माय विहिरीपासून दूर उभी राहून ओंजळीत पाणी घ्याची. माह्या अंगणात कोणाचं पाणी वेगळं राहणार नाही. मंग ते कोंबडी का असेना!”

एकता आधी रडली, मग हसली, मग परत रडली. “माझी डिग्री गेली ना, आजी! आता खोटं लिहू का?”

“खोटं काहून लिहिते? माहं नाव लिही.”

एकतानं गाईडला तसंच सांगितलं. आकडे सेट होणार नाहीत, प्रयोग परत होईल.

“और थीसिस में दादी को कहाँ डालोगी?”

“अडचणींमध्ये, सर.”

मानमोडी गावातून कुठे गेली होती? आजारी कोंबड्या लोकांनी फुकट दिल्या, वर सुटलो म्हणाले. जाळी परत ताणली गेली.

भीमाबाई आडवी आली. “कोणाले साधं पाणी, हे कोण ठरवणार?”

“चिठ्ठी. रंग, वजन, कुठल्या घरची, काही बघायचं नाही. आणि चिठ्ठ्या तू काढ.”

“अन् काम झाल्यावर?”

“उरलेल्यांना पण औषध. वादा.”

भीमाबाईनं विचार केला, पदर खोचला, चिठ्ठ्या काढल्या. मग घरातून कुलूप आणून स्वतःच शेडला लावलं आणि किल्ली एकताच्या हातावर आपटली.

“कॉलेजले घेऊन जा. चिठ्ठी काढली म्हणून का झालं, माह्या हाताचा भरोसा नाही.”